आयर्लंडमधला कोंड्याचा मांडा
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



आपल्या सभेत आपण कधी रुखवताचे विषय घेतो, कधी भरतकामाचे, कधी उन्हाळ्यातल्या वाळवणांचे. या खेपेस चिटणीसबाईंनी माझ्या पुढ्यात एकदम आयर्लंडच ठेवले. कारण एवढेच, की माझे धाकटे दीर आणि जाऊ तिकडे कॉर्क शहरात नोकरीला आहेत, आणि जावेच्या बाळंतपणासाठी मी तिथे चार महिने राहून आले. देश पाहायला म्हणून काही मी गेले नव्हते. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि बाळाची दुपटी यांतच माझे दिवस गेले. पण शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई राहत. बाळ पाहायला त्या आल्या त्याच फडक्यात गुंडाळलेला गरम पाव घेऊन. माझे इंग्रजी मोडके, त्यांना मराठीचा गंध नाही. तरी दोन बायका एका ओट्याशी उभ्या राहिल्या म्हणजे भाषेवाचून काही अडत नाही. जे सांगते आहे ते बरेचसे त्यांच्या ओट्याशी शिकलेले, आणि काही जावेने तिथल्या पुस्तकांतून वाचून दाखवलेले.

आता तुमच्यातल्या कुणी म्हणेल, "त्या लोकांचा स्वयंपाक तो काय! उकडलेले बटाटे आणि मीठ!" खोटे नाही ते. त्यांचे सारे घर बटाटा, कोबी, कांदा, ओट, गव्हाचे पीठ, दूध, ताक आणि लोणी एवढ्यावर चालत आले. हळद नाही, फोडणी नाही. पण एक गोष्ट मला तिथे पटली. मसाला नसलेल्या स्वयंपाकात लपायला जागा नसते. बटाटा जरा पाणचट निघाला, ताक शिळे झाले, की लगेच जिभेला कळते. आपण एक मिरची जास्त टाकून वेळ निभावतो, तशी त्यांना सोय नाही.

बटाटा काही मूळचा त्यांचा नव्हे, आपलाही नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, म्हणून तर आपण त्याला त्यांच्याच शब्दाने बटाटा म्हणतो. आयर्लंडात तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचला. त्याआधी तिथले खाणे म्हणजे ओटाची पेज आणि दूध-दुभते. दूध, दही, लोणी, चीज यांना ते 'पांढरे अन्न' म्हणत. पुढे जमिनी गेल्या इंग्रज जमीनदारांच्या ताब्यात. शेतात पिकेल ते धान्य, गोठ्यात होईल ते लोणी, पोसलेले डुक्कर, सारे खंड भरण्यासाठी विकायचे आणि पोटाला उरायचा बटाटा. लहानशा तुकड्यात तो पोतीच्या पोती पिके, म्हणून गरिबाने त्याला धरले. कष्टकरी गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई! वर ताक प्यायचे. आता आहारशास्त्र शिकलेल्या मुलीही सांगतात, की बटाटा आणि दूध-ताक एवढ्यावर माणूस धडधाकट राहू शकतो.

खायची रीतही पाहा. मोठ्या लोखंडी भांड्यात बटाटे सालीसकट उकडायचे, ते एका पसरट टोपलीत ओतून पाणी निथळू द्यायचे, आणि तीच टोपली त्या भांड्यावर ठेवून भोवती सगळे घर बसायचे. ताट नाही, वाटी नाही. हाताने सोलायचे, मिठाला लावायचे, ताकाचा घोट घ्यायचा. एक थट्टाही ते करतात. आढ्याला एखादा खारवलेला मासा नाही तर मांसाचा तुकडा टांगलेला असे. तो खायचा नसे. बटाटा उचलायचा, त्या तुकड्याकडे दाखवायचा आणि तोंडात टाकायचा! आजीबाई हे सांगून खूप हसल्या. मलाही हसू आले, पण ते घशाखाली सहज उतरले नाही.

कारण पुढची हकीकत हसण्याची नाही. १८४५ सालच्या पावसाळी हवेत त्या बटाट्यावर करपा पडला. आपल्याकडे मंचर-खेडच्या बाजूला ज्यांची बटाट्याची शेती आहे त्यांना करपा काय असतो ते सांगायला नको. ढगाळ, दमट हवा आठ दिवस राहिली की पाने काळी पडतात आणि खाली बटाटा सडतो. तिथे गरिबांनी जवळजवळ एकच जात लावलेली, त्यामुळे एक गेला तो सगळाच गेला. १८४६ मध्ये पीक जवळपास पुरते बुडाले. १८४७ मध्ये लावायला फारसे बेणेच उरले नव्हते, आणि १८४८ मध्ये करपा पुन्हा आला. १८५२ पर्यंत हे चालले. दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि तापाने मेली, आणि त्याहून जास्त जहाजात बसून देश सोडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत तिथे ८१ लाखांवर माणसे होती. १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. आज त्या साऱ्या बेटाची वस्ती ७० लाखांच्या आसपास आहे, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनीही ती भरून निघालेली नाही. आणि या सगळ्या काळात बंदरांतून धान्य आणि लोणी बाहेर जातच होते. त्या वेळी त्यांचे आणि आपले सरकार एकच होते, हेही लक्षात ठेवावे. आयर्लंडसाठी तेव्हा कलकत्त्याला निधी जमवला गेला होता.

सरकारने अमेरिकेतून मका आणवला. पण तो टणक मका तिथे कुणाला दळता येईना, शिजवता येईना. अर्धकच्चा खाऊन लोकांची पोटे बिघडली. त्याच्या पिवळ्या रंगावरून लोक त्याला प्रधानमंत्र्याचे नाव लावून 'पीलचा गंधक' म्हणू लागले. हे ऐकले आणि मला सासूबाईंची आठवण झाली. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे अमेरिकेचा लाल मिलो आला होता. सासूबाई सांगत, "भाकरी थापावी तर हातातच भेगाळे, आणि पोरे ताट सारून उठत." परक्या धान्याबरोबर ते शिजवायची रीत कुणी पाठवत नाही, हे दोन्हीकडचे सारखेच.

आणखी एक सांगते, कारण इथे सगळ्या पोळी-भाजी करणाऱ्या बसल्या आहेत. १८४७ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एका बड्या क्लबातला नामांकित आचारी, अलेक्सिस सॉयर, डब्लिनला सूपाचे अन्नछत्र चालवायला आला. साखळीने बांधलेले चमचे, घंटा वाजली की शंभर माणसे आत, सहा मिनिटांत खाऊन बाहेर. त्याच्या एका स्वस्त सूपाचे प्रमाण छापलेले आहे : दोन गॅलन पाण्याला पाव पौंड मांस, दोन कांदे, थोडे पीठ आणि जव. म्हणजे नऊ लिटर पाण्याला सव्वाशे ग्रॅमही मांस नाही! हिशेब जावेने करून दाखवला. त्या काळीही पुष्कळ लोकांनी या पातळपणावर टीका केली होती. आपल्यातली कुणीही उभी राहिली असती, तर तिने त्यात निदान दोन मुठी डाळ टाकली असती.

असो. आता चुलीकडे वळू. तुम्ही वह्या काढलेल्या मला दिसताहेत.

पहिला पदार्थ कोलकॅनन. याचे आयरिश नाव पांढऱ्या डोक्याच्या कोबीवरून आले आहे. एक किलो जुने, पिठूळ बटाटे घ्यावेत. नवे, पाणचट बटाटे घेऊ नयेत, ते कुस्करले की चिकट होतात. सालीसकट उकडावेत. कुकरमध्ये लावू नका, साध्या पातेल्यात मीठ घालून उकडा. पाणी ओतून टाकले की बटाटे त्याच गरम पातेल्यात ठेवून वर कोरडे फडके घालावे आणि पाच मिनिटे अगदी मंद आचेवर राहू द्यावे. आजीबाईंचे सारे रहस्य या फडक्यात. वाफ फडके पिते आणि बटाटा भुरभुरीत होतो. तोवर एक वाटी दुधात मूठभर चिरलेली कांद्याची पात घालून उकळी आणावी. पाव किलो कोबी बारीक चिरून, थोड्या पाण्यात मऊ शिजवून, घट्ट पिळून घ्यावा. बटाटे गरम असतानाच सोलावे, हात भाजला तरी. गार बटाट्याच्या गुठळ्या राहतात. कुस्करून त्यात ते गरम दूध आणि कोबी घालून लाकडी उलथण्याने घोटावे. मीठ, मिरपूड. ताटलीत वाढले की मध्ये खड्डा करून त्यात लोण्याचा गोळा सोडावा. लोणी विरघळून त्याचे तळे होते, आणि कडेचा घास त्यात बुडवून खायचा. आपण वरणभाताच्या मुदीवर तूप सोडतो, तोच जिव्हाळा. यात कोबी घातला नाही आणि पात भरपूर घातली की त्याला चँप म्हणतात. तो उत्तरेकडे, अल्स्टर भागात, जास्त करतात.

कोलकॅननचा मान ३१ ऑक्टोबरच्या रात्री. जुन्या आयरिश पंचांगाप्रमाणे त्या रात्री वर्ष पालटते आणि गेलेली माणसे घरी येतात अशी समजूत. काही घरांत या पदार्थाची एक ताटली बाहेर ठेवत. ऐकून मला आपले पितरांचे पान आठवले. तो दिवस पूर्वी त्यांच्या धर्माप्रमाणे मांस वर्ज्य असलेला असे, म्हणून त्या दिवशीचे सगळे खास पदार्थ आपल्याला चालण्यासारखे. कोलकॅननमध्ये एक अंगठी आणि एक नाणे लपवायचे. अंगठी मिळाली त्या मुलीचे लग्न ठरणार, नाणे मिळाले त्याच्या घरी पैसा. तसेच बार्मब्रॅक नावाच्या मनुकांच्या पावातही घालतात. त्यात चिंधीसुद्धा असते, ती आली की गरिबी! मनुका रात्रभर कोऱ्या चहात भिजवून मग पिठात घालतात, हे मात्र करून पाहण्यासारखे आहे. आपल्या नेहमीच्या केकमध्येही चालेल.

दुसरा पदार्थ बॉक्स्टी, म्हणजे बटाट्याचे थालीपीठच म्हणा. लीट्रिम, कॅव्हन वगैरे भागांतला. पाव किलो बटाटे कच्चे किसून फडक्यात घालून पिळावेत. पिळलेले पाणी फेकू नका! ते पंधरा-वीस मिनिटे ठेवले की तळाशी पांढरा साका बसतो. वरचे पाणी ओतून तो साका परत किसात मिसळायचा. त्यात पाव किलो उकडून कुस्करलेले बटाटे, पाव किलो मैदा, अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा, मीठ, आणि धिरड्याहून जरा दाट होईल इतके ताक. तव्यावर लोणी सोडून जाडसर घालावे, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटे. घाई केली तर आतला कच्चा बटाटा कच्चाच राहतो. गरम खावे. लोणी तर हवेच, आणि खरे सांगू का, आपली लसणाची चटणी त्याला फार छान लागते. आजीबाईंनीही ती दोनदा मागून घेतली आणि पाठोपाठ दोन पेले पाणी प्यायल्या.

ही बॉक्स्टी त्यांनी मला सहजासहजी करून दाखवली नाही. आधी म्हणाल्या, "ते गरिबाचे खाणे, पाहुणीला काय द्यायचे!" ते ऐकून मी चमकले. आपल्याकडे नाचणीची भाकरी पाहुणा आला की झाकून ठेवायची आणि पोळ्या लाटायला घ्यायच्या, हे मी माहेरी पाहिले आहे, सासरीही पाहिले आहे. ज्या खाण्याने घर तगवले, त्याचीच लाज! मी हट्टाने म्हटले, मला तेच शिकवा. मग त्या बोलू लागल्या त्या तास-दीड तास. कुठून बटाटे आणत, आई किसणी कशी करी. डब्याच्या पत्र्याला खिळ्याने भोके पाडून, बरे का! बटाट्याची साल त्या आजही जाड काढू देत नाहीत. माझ्या हातातली सुरी घेऊन त्यांनी साल उजेडाकडे धरून दाखवली, अशी पातळ की पलीकडचे दिसावे.

आता तिसरा आणि माझा आवडता, सोडा ब्रेड. यीस्ट नाही, आंबवणे नाही, रात्रभर वाट पाहणे नाही. तिथला गहू मऊ, त्याच्या पिठाला चिवटपणा कमी, यीस्टचा पाव चांगला फुगत नाही. १८३०-४० च्या सुमारास खाण्याचा सोडा घरोघरी मिळू लागला, आणि लोणी काढल्यावरचे आंबट ताक तर घरात होतेच. आंबट ताक आणि सोडा एकत्र आले की बुडबुडे येतात. त्यानेच पाव फुगतो. पूर्वी ओव्हन कुठले? झाकणाच्या लोखंडी भांड्यात पाव ठेवून, ते जळत्या पीटवर, म्हणजे दलदलीतल्या वाळलेल्या मातीच्या इंधनावर, टांगत आणि झाकणावरही निखारे ठेवत. कोकणातल्या मैत्रिणींना सांगायला नको; धोंडस असेच वर-खाली निखारे ठेवून होते.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी तव्यावरची रीत देते. उत्तरेकडे तशीच करतात. पाव किलो मैदा आणि पाव किलो जाडसर कणीक, एक सपाट चहाचा चमचा सोडा, तेवढेच मीठ. सोडा चाळून घ्या. गुठळी राहिली तर तिथे पिवळा डाग पडतो आणि साबणासारखी चव येते. मध्ये आळे करून सुमारे चारशे मिलीलिटर दाट, आंबट ताक एकदम ओतावे आणि पंजा फिरवून गोळा करावा. मळायचे नाही! आपला हात मळायला शिवशिवतो, पण या पिठाला मळले की पाव दगड होतो. वेळही दवडायचा नाही, कारण बुडबुडे लगेच उठू लागतात. दोन गोळे करून, बोटभर जाड थापून, सुरीने चार चतकोर करावेत. गंमत पाहा, त्यांच्याकडे या तुकड्याला फार्ल म्हणतात आणि त्याचा अर्थ चौथा भाग. आपली चतकोर भाकरीच झाली की! कोरड्या तव्यावर थोडे पीठ भुरभुरून, मंद आचेवर एकेका बाजूने सात-आठ मिनिटे, मग कडांवर उभे करून जराशी आच द्यावी. उतरवले की फडक्यात गुंडाळावे, म्हणजे वरचे कवच मऊ राहते. ओव्हनवालींनी अख्खा गोल ठेवून त्यावर खोल फुली कापावी आणि आधी २३० अंशांवर पंधरा मिनिटे, मग २०० वर अर्धा तास भाजावा; उलटा करून बुडावर टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे. फुलीने उष्णता आतपर्यंत जाते. आजीबाई म्हणतात, फुलीतून घरातल्या पऱ्या बाहेर जातात. दोन्ही खरे मानायला काय हरकत आहे?

आयरिश स्ट्यूविषयी थोडक्यात, कारण आपल्यात न खाणाऱ्या पुष्कळ आहेत. मानेकडचे मटण, कांदे, बटाटे यांचे थर, पाणी, मीठ, मिरी, आणि मंद आचेवर दोन तास. काही बटाटे विरघळून रस दाट करतात. त्यात गाजर घालावे की नाही यावर तिथे आपल्या आमटीतल्या गुळाइतकाच कडवा वाद आहे. कुणी विचारले, मटणावाचून होईल का? होईल, पण त्याला मी आयरिश स्ट्यू म्हणणार नाही. ती भाजी झाली, चांगली भाजी. समुद्रातल्या कॅरागीन नावाच्या शेवाळाची दुधातली खीरही असते, आपल्या चायना ग्राससारखी घट्ट बसणारी. इथे ते शेवाळ मिळत नाही, म्हणून पुढे जाते.

शेवटी तिथल्या बायकांविषयी दोन शब्द, कारण ते आपल्या मंडळाच्या घरचे आहे. १९१० साली वेक्सफर्ड परगण्यातल्या ब्री या खेड्यात बायकांनी एक मंडळ काढले. १९३५ पासून त्याचे नाव आयरिश कंट्रीवुमेन्स असोसिएशन. १९५४ मध्ये त्यांनी स्वतःची निवासी शाळाही उघडली, स्वयंपाक आणि हस्तकला शिकवणारी. खेड्यातल्या घरात नळ यावा म्हणून याच बायका भांडल्या. आणि कॉर्कजवळच्या शानागॅरी गावातल्या मर्टल ॲलन. शेतकऱ्याची बायको, स्वयंपाकाचे कसलेही धंदेवाईक शिक्षण नाही. १९६४ मध्ये त्यांनी आपल्याच घराच्या जेवणघरात लोकांना पैसे घेऊन वाढायला सुरुवात केली. फ्रेंच पदार्थांची नक्कल न करता आपल्या शेतातले, आपल्या किनाऱ्यावरचे तेच वाढले. १९७५ मध्ये त्यांच्या घराला मिशलिनचा तारा मिळाला. त्या २०१८ मध्ये वारल्या. ज्या खाण्याला आमच्या आजीबाई गरिबाचे म्हणत होत्या, ते खायला आज दूरदूरचे पाहुणे तिथे येतात.

आणि आयर्लंडने आपल्याला काय दिले म्हणाल, तर १८७८ साली रॉसकॉमन परगण्यात जन्मलेल्या मार्गारेट कझिन्स. त्यांच्याच खटपटीने १९२७ च्या जानेवारीत पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक भरली. बाई शाकाहारी होत्या, बरे का.

अध्यक्षबाई घड्याळ पाहताहेत. मागच्या टेबलावर चतकोर ठेवले आहेत, सकाळी तव्यावर भाजलेले. डब्यात घरचे लोणी आहे, मीठ घातलेले. ज्यांना ओव्हनचा पाव पाहायचा आहे त्यांच्यासाठी एक अख्खाही आणला आहे. सुरी मी आणलेली नाही. तो हातानेच फुलीवरून मोडायचा असतो.